नकाशा मंजूर करण्याआधी के-१४ मध्ये बसून बघा

प्रति,
आयुक्त, शहर अभियंता आणि नाट्यगृह व्यवस्थापक,
स्वतःचं नाट्यगृह असलेल्या राज्यातल्या सर्व महापालिका आणि नगरपालिका.

स. न. वि. वि.

याआधी मी दोन पत्रं लिहिली. दोन्हींवर आवक क्रमांकाचा शिक्का मिळाला, पुढे काही नाही. म्हणून हे तिसरं उघड्यावर लिहितोय. ज्या नाट्यगृहामुळे हे पत्र सुचलं त्याचं नाव मुद्दाम घेत नाही. नाव घेतलं की तेवढ्या एका इमारतीची तपासणी होते, अहवाल येतो आणि बाकीच्यांना वाटतं, आपलं बरं चाललंय.

ढेकूण, डास, स्वच्छतागृह आणि पार्किंग यांवर कलाकारांनी आणि प्रेक्षकांनी आजवर भरपूर लिहिलंय, व्हिडिओही काढलेत. ते सगळं खरं आहे, पण मी त्यात भर घालणार नाही. मला बोलायचंय ते खुर्चीबद्दल. खुर्ची आहे की नाही, फाटली आहे की नाही, एवढं तुमच्या कागदावर असतं. त्या खुर्चीतून दिसतं काय आणि ऐकू काय येतं, हा रकाना मी अजून कुठल्याही निविदेत पाहिलेला नाही.

मी कोण, तेही सांगतो. सव्वीस वर्षं व्यावसायिक नाटकांबरोबर साउंड ऑपरेटर म्हणून फिरलो. रात्रभर बस, सकाळी गाव, दुपारी माईक लावायचे, रात्री प्रयोग, की पुन्हा बस. आमची जागा विंगेत, नाहीतर प्रेक्षागृहाच्या मागे काचेच्या केबिनमध्ये. केबिनमध्ये बसून बाहेर काय ऐकू येतंय ते कळत नाही, कारण मध्ये काच असते. म्हणून सेट लागला की पहिल्या घंटेआधी प्रेक्षागृहात पाच ठिकाणी जाऊन बसायची सवय मला एका ज्येष्ठाने लावली. पुढची कडेची खुर्ची, मधली, बाल्कनीखालची, अगदी शेवटची आणि वर कठड्यालगतची. बसायचं, बघायचं, ऐकायचं आणि वहीत लिहायचं. पुढच्या वेळी त्या गावात आलो की वही उघडून माईक कुठे हलवायचे ते ठरवायचं. अशा दोन लाँगबुक भरल्या. त्यातल्या नोंदी अशा आहेत: 'बाल्कनी बी-९. चेहरे लहान, शब्द स्वच्छ. गुडघे पुढच्याच्या पाठीला.' 'ए-२. डाव्या स्पीकरच्या तोंडाशी. उजवीकडचा नटसुद्धा डावीकडून बोलतो.' 'आर-२०. पंखा ऐकायला आलो होतो असं वाटलं.'

आता निवृत्त आहे. सहा वर्षांपासून तिकीट काढून नाटक बघतो.

तर झालं असं. आमच्या शहरातलं नाट्यगृह दुरुस्तीसाठी दोनेक वर्षं बंद होतं. उघडलं तेव्हा दारात ग्रॅनाइट, भिंतींवर नवं कापड, छताला दिव्यांची नक्षी आणि लाल मखमली गुबगुबीत खुर्च्या. हाताच्या दांडीत पेला ठेवायला खळगासुद्धा आहे, आणि आत खाद्यपदार्थ नेण्यास सक्त मनाई असल्याचा फलक दारावर आहे. असो. मी आईला घेऊन गेलो. के-१४ आणि के-१५, चारशे रुपयांना एक. नकाशावर बघाल तर अगदी नेमकी जागा, रांगेच्या मधोमध, ना फार पुढे ना फार मागे.

कौटुंबिक नाटक होतं, दिवाणखान्याचा सेट. पहिल्या अंकात मुलगी वडिलांच्या आरामखुर्चीशी जमिनीवर बसते आणि दहा-बारा मिनिटं दोघं बोलतात. त्या दहा-बारा मिनिटांत मला मुलगी दिसलीच नाही आणि वडिलांचं टक्कल मधूनमधून दिसलं. दिसत होता तो समोरच्या बाईंचा अंबाडा आणि त्यातला गजरा. बाईंचा काही दोष नाही. त्या ताठ बसल्या होत्या, नाटकाला बसावं तशा. माझ्या मागचा माणूस माझ्याबद्दल हेच म्हणत असणार. आई उजवीकडून मान काढून बघत होती, मी डावीकडून. मध्यंतरापर्यंत आमच्या माना एकमेकांपासून शक्य तितक्या लांब गेल्या होत्या.

मध्यंतरात लोक बटाटेवड्याकडे धावले आणि मी खिशातली टेप काढली. (साउंडवाल्याच्या खिशात टेप, काळी चिकटपट्टी आणि टेस्टर असतोच, निवृत्त झाला तरी.) एका पायरीपासून दुसरीपर्यंत खोली ८५ सेंटीमीटर. पायरीची उंची १० सेंटीमीटर. रंगमंच पहिल्या रांगेच्या जमिनीपासून बरोबर १ मीटर उंच.

आता हिशेब बघा, अवघड नाही. माणूस खुर्चीत बसला की त्याचे डोळे जमिनीपासून साधारण ११५ सेंटीमीटरवर येतात आणि डोळ्यांपासून टाळू आणखी १२ सेंटीमीटर वर असते. समोरचा माणूस माझ्यापेक्षा एक पायरी, म्हणजे १० सेंटीमीटर खाली बसलाय. पण त्याची टाळू त्याच्या डोळ्यांपेक्षा १२ सेंटीमीटर वर. म्हणजे त्याचं डोकं माझ्या डोळ्यांच्या २ सेंटीमीटर वरच राहिलं. ८५ सेंटीमीटरवर २ सेंटीमीटर आड आले, तर ११ मीटरवरच्या रंगमंचापर्यंत जाता जाता ते २६ सेंटीमीटर होतात. के ही अकरावी रांग, पहिलीपेक्षा दहा पायऱ्या, म्हणजे रंगमंचाएवढीच उंच, तिथे माझे डोळे रंगमंचाच्या फळीपेक्षा ११५ सेंटीमीटर वर. त्यात हे २६ मिळवा. फळीपासून १४१ सेंटीमीटरच्या खालचं सरळ समोर मला काहीच दिसणार नाही. उभ्या नटाचा खांद्याच्या वरचा भाग दिसेल. बसला की गेला.

मग जुन्या नाट्यगृहात दिसायचं कसं? पायऱ्या त्याच आहेत, त्या कुणी तोडलेल्या नाहीत. फरक असा की जुन्या खुर्च्या तिरक्या मांडणीत होत्या. प्रत्येक रांग पुढच्या रांगेपेक्षा अर्धी खुर्ची सरकलेली, म्हणजे माझ्यासमोर डोकं नाही, दोन डोक्यांमधली फट यायची. मला अडायचं ते त्याच्याही पुढच्या रांगेतलं डोकं. ते दोन पायऱ्या, म्हणजे २० सेंटीमीटर खाली. २० मधून १२ गेले, ते डोकं माझ्या डोळ्यांच्या ८ सेंटीमीटर खाली राहिलं. तोच हिशेब पुढे नेला की रंगमंचावर ६३ सेंटीमीटरच्या वरचं सगळं दिसतं. सोफ्यावर बसलेला माणूस मांडीपासून वर दिसतो. जमिनीवर बसलेली मुलगी निदान चेहऱ्यापुरती दिसते. १४१ आणि ६३ मध्ये फरक पडला तो अर्धी खुर्ची सरकवण्याने. त्याला सिमेंट लागत नाही, पैसा लागत नाही.

मी बाहेर उभ्या असलेल्या एका सुपरवायझरला विचारलं, खुर्च्या सरळ रेषेत का लावल्या? म्हणाला, 'काका, फोटोत रांगा बऱ्या दिसतात, आणि प्रत्येक रांगेत एक खुर्ची जास्त बसली.' माणूस प्रामाणिक होता. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं की ती तिरकी मांडणी कुणीतरी विचार करून केली होती.

हा विचार फार जुना आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात दुसरा अध्याय पूर्ण नाट्यगृहाचाच आहे. नाट्यगृहाचे आकार तीन आणि मापंही तीन: १०८ हात, ६४ हात, ३२ हात. त्यातलं मधलं, ६४ हात लांब आणि ३२ हात रुंद, ते माणसांसाठी योग्य. याहून मोठं बांधलं तर उच्चार अस्पष्ट होतील आणि चेहऱ्यावरचे भाव दिसणार नाहीत, असं कारणही दिलंय. त्या ६४ हातांतला अर्धा भाग रंगमंच आणि नेपथ्यगृहाला, म्हणजे रंगपटाला, अर्धा प्रेक्षकांना. हात म्हणजे साधारण दीड फूट धरला तर शेवटचा प्रेक्षक रंगमंचापासून ४८ फुटांवर, साडेचौदा मीटरवर बसतो. आजचे नाट्यगृह रचनाकार २० मीटरच्या आसपास हद्द मानतात, त्यापुढे डोळ्यांतले भाव वाचता येत नाहीत. विजेचे दिवे नसलेल्या काळातल्या माणसाने जरा जास्तच काटेकोर हिशेब केला म्हणायचा. आणि प्रेक्षकांची आसनं पायऱ्यांसारखी, विटा-लाकडाची आणि रंगपीठ, म्हणजे रंगमंच, दिसेल अशी करावीत, हेही तिथेच आहे. 'रंगपीठ दिसेल अशी' हे शब्द निविदेत घालायला मुहूर्त लागत नाही.

जवळचं उदाहरण हवं असेल तर पुण्याचं बालगंधर्व रंगमंदिर घ्या, १९६८ चं. त्याच्या आखणीत पु. ल. देशपांडे यांचा सहभाग होता. रंगमंचावर उभं राहिलेल्या आणि खाली बसूनही नाटक पाहिलेल्या माणसाला विचारून काम झालं होतं. ठाण्याचं गडकरी रंगायतन १९७८ चं. कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह तर १९१५ मध्ये पॅलेस थिएटर म्हणून उभं राहिलं, तेव्हा नाटकाला माईक नव्हतेच. गळ्यातून निघालेला स्वर शेवटच्या माणसापर्यंत जायलाच हवा होता. ऑगस्ट २०२४ मध्ये ते आगीत सापडलं, त्या रात्री नाटकवाल्यांपैकी फारसं कुणी झोपलं नसेल. अशी वास्तू दुरुस्त करताना किंवा पुन्हा उभारताना दर्शनी भागाचे जुने फोटो हमखास शोधले जातात. आतल्या पायरीची उंची कुणी जुन्या नकाशातून काढून बघतं का, एवढंच मला विचारायचंय.

आवाजाबद्दल लिहिताना मला आवरतं घ्यावं लागेल, नाहीतर पत्राची पोथी होईल.

आमच्याकडे आवाज तपासायची रीत म्हणजे रंगमंचावर कुणीतरी 'हॅलो, माईक चेक, वन टू थ्री' म्हणायचं. याने फक्त माईक चालू आहे एवढं कळतं. शब्द कळतात की नाही ते कळत नाही, कारण वन टू थ्री पुढे काय येणार ते कानाला आधीच ठाऊक असतं. मी एक यादी केली होती: ताप, थाप, साप, शाप, चाप, छाप, माप, बाप. पोराला रंगमंचावर उभं करायचं आणि यातले शब्द वाटेल त्या क्रमाने, साध्या बोलण्याच्या आवाजात म्हणायला सांगायचे. मी खुर्चीत बसून ऐकलं ते लिहायचं. मग दोन कागद शेजारी धरायचे. मराठीत त आणि थ, च आणि छ यांत फरक असतो तो चिमूटभर हवेचा. आवाज मोठा असूनही तो फरक हरवतो. ज्या खुर्चीत थाप आणि ताप एकच ऐकू येतात, त्या खुर्चीत विनोदावर हशा उशिरा येतो, आधी शेजाऱ्याला विचारावं लागतं म्हणून. पूर्ण प्रयोगभर मी केबिनमधून हे बघितलंय: पुढच्या रांगा हसतात, बाल्कनीखालच्या रांगा पुढच्यांना बघून हसतात.

बाल्कनीखालची जागा ही तर दुखरी नस. बाल्कनीचं छत खाली आलेलं, त्याची खोली जास्त आणि तोंड अरुंद, म्हणजे मागचे लोक एका खणात बसल्यासारखे. मोठ्या प्रेक्षागृहात वरून, छतावरून परत येणारा आवाज त्यांच्यापर्यंत पोचत नाही, थेट येणारा आवाजही पुढच्या डोक्यांवरून आणि खुर्च्यांवरून घासत येताना बारीक होतो. वर बाल्कनीत बसलेल्याला चेहरा लहान दिसतो पण शब्द स्वच्छ मिळतो, आणि खाली त्याच अंतरावर बसलेल्याला दोन्ही कमी. यावर उपाय म्हणून बाल्कनीच्या पोटाला छोटे स्पीकर लावतात. लावा, पण त्यांना उशीर द्या. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, विजेच्या तारेतून तोच आवाज क्षणात पोचतो. रंगमंचापासून १७ मीटरवर बसलेल्याला नटाचा आवाज यायला एक विसांश सेकंद लागतो, आणि डोक्यावरचा स्पीकर त्याच्या आधीच बोलून मोकळा होतो. कान ज्या दिशेकडून आधी ऐकतो तिकडेच माणूस आहे असं मानतो. मग नट समोर उभा आणि आवाज छतातून, आकाशवाणीसारखा. हा उशीर यंत्रावर एक बटण फिरवून देता येतो. आमच्या नव्या नाट्यगृहात यंत्र महागडं आहे, बटण शून्यावर आहे.

आणि मखमल. या मखमलीबद्दल कुणाला बोललं की 'काका, आता लोकांना आराम पाहिजे' असं उत्तर येतं. आराम मलाही पाहिजे. पण खुर्ची हे आवाजाचं यंत्र आहे, हे आधी माना. १८९५ मध्ये अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाने वॉलेस सबाइन या तरुण प्राध्यापकाला एक सभागृह दुरुस्त करायला दिलं, त्यात बोललेलं काही समजतच नव्हतं. त्याने रात्री-अपरात्री शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या उचलून आणल्या, या सभागृहात पसरल्या, आणि किती गाद्यांनी घुमणं किती कमी होतं ते मोजलं. सभागृहांच्या ध्वनिशास्त्राचा पाया असा गाद्यांवर घातला गेला. गादी आवाज पिते, माणूसही पितो. म्हणून चांगली खुर्ची ती, जी रिकामी असताना जवळजवळ तेवढाच आवाज पिते जेवढा माणूस बसल्यावर. मग बुधवारच्या अर्ध्या भरलेल्या प्रयोगाला आणि रविवारच्या हाऊसफुल्लला आवाज सारखा राहतो. आमच्या जुन्या रेक्झिनच्या खुर्च्या यात नापासच होत्या, दुपारी रिकाम्या घरात माईक लावले की सगळं घुमायचं आणि रात्री माणसं भरली की निवायचं. पण नव्यांनी दुसरं टोक गाठलं. खुर्चीला मखमल, भिंतीला कापड, जमिनीला गालिचा. बोलणाऱ्या नटाला वाटतं आपण गादीत तोंड खुपसून बोलतोय. मग तो कॉलर माईक मागतो, मग स्पीकर वाढतात, मग ए-२ मध्ये बसलेल्याच्या कानठळ्या बसतात. संगीत नाटकाची तर दैनाच. ऑर्गन एका अंगाला, तबला दुसऱ्या अंगाला, गाणारा मध्ये, या तिन्हींचा मेळ हवेत बसायचा तो आता वायरीत बसतो.

सगळं सरकारी वाईट आणि परदेशातलं चांगलं असं मला म्हणायचं नाही. मुंबईत एनसीपीए, म्हणजे नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स या संस्थेचं टाटा थिएटर १९८० मध्ये बांधलं, तेव्हा सिरिल हॅरिस हा ध्वनितज्ज्ञ पहिल्यापासून वास्तुरचनाकार फिलिप जॉन्सनच्या बरोबर होता. माईकशिवाय शेवटच्या खुर्चीपर्यंत गाणं पोचावं हे आधी ठरलं. तेवढा पैसा तुमच्याकडे नाही, मला माहीत आहे. पण आधी कान आणि मग कापड हा क्रम फुकट आहे.

पुढच्या रांगेचं थोडक्यात. पहिली रांग प्रतिष्ठेची, तिथे 'निमंत्रितांसाठी राखीव' अशी पाटी, आणि तिसरी घंटा झाली तरी त्यातल्या अर्ध्या खुर्च्या रिकाम्या. खरं तर निमंत्रितांना तिथे बसवणं हा त्यांचा अपमान आहे. त्यांचे डोळे फळीपेक्षा जेमतेम १५ सेंटीमीटर वर. नाचणाऱ्याची पावलं दिसतात, पण ती कुठून कुठे गेली ते दिसत नाही. नट पुढे आला की मान मागे, नट मागे गेला की सोफ्याचे पाय. शिवाय रंगमंचाच्या पुढच्या कडेला ठेवलेला फूट माईक पावलांचा आवाज उचलतो आणि तो यांच्या अंगावर.

कडेच्या खुर्च्यांमध्ये दोष निम्मा तुमचा, निम्मा आमच्या नाटकवाल्यांचा. नेपथ्यकार दोन टोकांच्या खुर्च्यांपासून दोरी धरून बघतो, कुठलं दार कुणाला दिसणार नाही ते. पण तो हे एका नाट्यगृहात करतो आणि सेट फिरतो तीस नाट्यगृहांत. रंगमंचाच्या कमानीची रुंदी प्रत्येक गावात वेगळी, टोकाच्या खुर्च्यांचा कोन वेगळा. मी स्वतः एकदा प्रेक्षक म्हणून डाव्या टोकाला बसलो होतो. नाटकातलं सगळ्यात महत्त्वाचं पत्र डावीकडच्या स्वयंपाकघराच्या दारात वाचलं गेलं. मला नटीचं कोपर दिसलं. चांगला अभिनय करत होतं. टोकाच्या खुर्च्यांचे कोन दाखवणारा एक कागद जर प्रत्येक नाट्यगृहाने तारीख देतानाच निर्मात्याच्या हातात ठेवला, तर नेपथ्यकार ते दार हातभर आत सरकवेल. एवढा तो शहाणा असतो.

आरामाबद्दल बोलायला मला आईच्या चष्म्यातून बघावं लागतं. ती चौऱ्याऐंशीची. तिच्यासाठी खुर्ची मऊ आहे की नाही हा प्रश्न तिसरा. पहिला प्रश्न, अंधारात पायरी दिसते का. नव्या नाट्यगृहात गालिचा गडद लाल, पायऱ्यांची कडही गडद लाल. दुसरा प्रश्न, उठताना हाताची दांडी वजन घेते का. आमची दांडी पेल्याच्या खळग्यासाठी पोकळ केलीय, ती करकरते. मग तिसरा प्रश्न: खुर्चीची बैठक इतकी खोल की पाठ टेकली तर तिचे पाय अधांतरी, पाय टेकले तर पाठ अधांतरी. सव्वापाच फुटांच्या आतल्या बाईला अडीच तास असं बसवायचं. ज्यांनी नमुन्याची खुर्ची पसंत केली त्या समितीत किती बाया होत्या हो?

आई उजव्या कानाला श्रवणयंत्र लावते. प्रेक्षागृहाच्या जमिनीखालून एक तार फिरवून त्यातून आवाजाचा प्रवाह सोडला, तर श्रवणयंत्रातली टी-कॉइल तो थेट उचलते, मध्ये खोकला नाही, पंखा नाही. याला इंडक्शन लूप म्हणतात. जमीन उघडीच होती त्या दोन वर्षांत, तेव्हा तार टाकायला सर्वांत सोपं होतं. आता गालिचा उचलावा लागेल. व्हीलचेअरची जागा मात्र केलीय, आणि २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा असल्यामुळे करावीच लागली असेल. ती आहे पहिल्या रांगेच्या डाव्या टोकाला, स्पीकरच्या खांबामागे. नियम पाळला. तिथे बसणारा माणूस नाटक बघायला येतो, हे बहुधा नियमात लिहिलेलं नव्हतं.

बाल्कनीच्या कठड्याबद्दल वाद नाही, तो हवाच. पण बसलेल्याच्या डोळ्यांसमोर नेमका येणारा जाड स्टीलचा नळ कशाला? वर मी मुद्दाम बी रांग घेतो, कठड्याच्या वरून बघता येतं.

आता दराचं. आमच्याकडे ए ते एफ पाचशे, जी ते एन चारशे, बाकी आणि बाल्कनी तीनशे. दर ठरवतो निर्माता, हे मला माहीत आहे, पण खुर्च्या त्याला तुमच्या नकाशावरून विकाव्या लागतात आणि नकाशात सगळ्या खुर्च्या सारखे चौकोन. पूर्वी तिकीट खिडकीवर प्लॅन पसरलेला असायचा आणि आतला माणूस पेन्सिलने फुली मारता मारता म्हणायचा, 'ती नको घेऊ, खांब आहे, ही घे.' ते ज्ञान त्याच्या डोक्यात होतं. आता मोबाइलवर चौकोन हिरवा दिसतो, आपण दाबतो, आणि नको ती खुर्ची सांगायला कुणी नाही. ए-२ पाचशेला, एच-१५ चारशेला. माझ्या वहीप्रमाणे एच-१५ ही त्या नाट्यगृहातली सगळ्यात चांगली खुर्ची, निदान समोर कुणी उंच माणूस नसेल तर. लंडनच्या जुन्या थिएटरांत खांबामागची जागा विकताना 'पूर्ण दृश्य नाही' असं आधीच सांगतात आणि पैसे कमी घेतात. लोक तरीही घेतात, खुशीने. फसवलं गेल्याचा राग येतो तो अंधारात कळल्यावर.

तेव्हा माझी विनंती अशी. पुढच्या वेळी एखादं नाट्यगृह दुरुस्तीला काढाल, किंवा काढलेलं उघडाल, तेव्हा फीत कापण्याआधी एक संध्याकाळ द्या. एखाद्या नाटकाचा सेट लावा, खरा. महापालिकेतली चाळीस-पन्नास माणसं बोलवा, त्यांत बुटकी, उंच, म्हातारी, श्रवणयंत्रवाली, काठीवाली, एखादं आठ वर्षांचं पोर. अभियंता साहेबांनी स्वतः के-१४ मध्ये बसावं आणि के-१४ च्या पुढे अंबाडा घातलेल्या बाईंना बसवावं. रंगमंचावर एकाने जमिनीवर बसून आणि उभं राहून ती आठ शब्दांची यादी वाचावी. दर दहा मिनिटांनी सगळ्यांनी जागा बदलावी आणि कागदावर लिहावं: बसलेला माणूस दिसला का, दोन्ही बाजूंची दारं दिसली का, ताप की थाप, पाय टेकले का. तीन तासांत सगळ्या प्रेक्षागृहाचा खराखुरा नकाशा तयार होतो. तो तिकीट खिडकीवर लावा आणि मोबाइलवर तिकिटं विकणाऱ्यांनाही द्या. ज्या खुर्च्या नापास होतील त्या सरकवा, सरकत नसतील तर त्यांवर 'आडोसा' असं लिहा आणि स्वस्त विका. आमच्याकडे जे काम झालंय त्यातही अर्ध्या रांगा अर्धी खुर्ची सरकवून पुन्हा ठोकता येतील, मी खालचे बोल्ट बघितलेत. रांगेमागे एक खुर्ची कमी होईल, तेवढाच तोटा.

माझ्या दोन वह्या मी झेरॉक्स करून द्यायला तयार आहे. अक्षर वाईट आहे, पण खुर्ची क्रमांक ठळक लिहिलेत. बोलावलंत तर यादी वाचायला माणूसही घेऊन येईन.

आपला,
एक प्रेक्षक
(बाल्कनी, बी रांग)

ता. क. पत्र पुरं करून आईला विचारलं, पुढच्या रविवारचं काढू का, के-१४, के-१५ मिळतायत. म्हणाली, 'नको. मला एफमधली कडेची काढ. डावीकडचं दार नाही दिसलं तरी चालेल, पाय तरी लांब करता येतील.' काढली. पाचशे रुपये.